लहान मुलांना घेऊन उन्हाळ्यातली एक दिवसाची सहल : दिवस कसा आखता?

अंगणवेल

मंडळी, सुट्टीत एक दिवस घरातल्या सगळ्यांनी मिळून बाहेर जायचं घाटतंय. माझी मोठी पाच वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा, शिवाय नणंदेचं चार महिन्यांचं बाळ. सासूबाईही येणार आहेत. जागा अजून नक्की नाही. भरपूर झाडं असलेली एखादी मोठी बाग किंवा पाण्याजवळचं ठिकाण, असं चाललंय. पण खरा वाद वेळेवरून आहे. घरातल्या निम्म्यांचं म्हणणं, एवढा सरंजाम बांधून निघायचं तर दिवेलागणीलाच परतू. माझ्या मते मुलं एवढी लहान असताना उन्हं चढायच्या आत परत फिरलं पाहिजे.

सामानाच्या याद्या पुष्कळ मिळतात. तुम्ही दिवसाची आखणी कशी करता, आणि मूल नुसतं दमलंय की त्याला ऊन बाधतंय हे कसं ओळखता, ते मला वाचायचंय. सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

दूरवाट

तुमच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा. आमच्याकडे जुळी आहेत, त्यामुळे या विषयावर घरात भरपूर खल झालेला आहे.

सहल किती वेळाची, हे घरातल्या सगळ्यात लहान चालत्या मुलाच्या झोपेवरून ठरवावं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, त्यात दुपारची झोप धरलेली आहे. ती हुकली की मुलाची संध्याकाळ रडण्यात जाते आणि मोठ्यांची ते रडणं थांबवण्यात. म्हणून शेवटाकडून मोजत मागे यायचं. धाकटा एकला झोपत असेल तर बाराला त्याचं जेवण व्हायला हवं, म्हणजे अकराच्या आत सगळे गाडीत. मग आठला तिथे पोचलात तर हाताशी तीन तास राहतात. मोठ्यांना हे कमी वाटतं. पण त्या वयाच्या मुलाला खडे, पानं आणि एक नळ एवढ्यावर तीन तास पुरून उरतात.

दुसरं, सूर्य डोक्यावर येतो दुपारी बाराच्या आसपास, पण हवा सगळ्यात जास्त तापते ती त्यानंतर दोन-तीन तासांनी, कारण तापलेली जमीन ती उष्णता हवेला देत राहते. त्वचा भाजणारं ऊन साधारण दहा ते चार, आणि उकाड्याचा कहर दोन ते चार. म्हणजे 'दुपार टळली, आता चला' असं म्हणून तीनला बाहेर पडण्यात काहीच अर्थ नाही.

आणि सतरंजी कुठे अंथरायची ते पोचल्या पोचल्या ठरवू नका. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, सावली त्याच्या उलट. सकाळी झाडाची सावली पश्चिमेला पडते, जसजसा वेळ जातो तशी ती बुंध्याकडे आखडत येते आणि दुपारनंतर पूर्वेला लांबत जाते. सकाळी आठच्या लांबलचक सावलीच्या टोकाला बसलात तर साडेनऊला सामान उचलून हलावं लागतं, नेमकं बाळ झोपलेलं असताना. बुंध्याच्या जवळ बसा. एकटंदुकटं झाड नको. फांद्यांत फांद्या मिसळलेली दोन-तीन झाडं शोधा, तिथली सावली टिकते.

निवांत

वाचतोय. आमचाही हाच प्रश्न आहे.

रातराणी

मी आजीच्या बाजूने लिहिते. दूरवाटदादा, तुमचं गणित चोख आहे, पण एकत्र कुटुंबाची सहल म्हणजे काय एवढंच? आतेमामे भावंडं वर्षातून मोजक्या वेळा भेटतात. पहिला तास तर त्यांचा एकमेकांकडे नुसतं बघण्यात जातो. दुसऱ्या तासाला खेळ रंगतो, आणि तिसऱ्याला तुम्ही म्हणणार, चला, चपला घाला. मला ते पटत नाही.

दिवसभर थांबता येतं, पण दुपार छपराखाली काढायची. सकाळी बाहेर, अकरा ते साडेचार एखाद्या गार खोलीत, आणि मग पुन्हा बाहेर. ती खोली आधी ठरवून ठेवायची. नातेवाइकांचं घर असो, भाड्याची खोली असो, मुलांना आडवं होता आलं पाहिजे. मंडपात किंवा उघड्या शेडखाली दुपार काढणं म्हणजे विश्रांती नव्हे. तिथे ऊन लागत नाही एवढंच, पत्र्याची धग डोक्यावर असतेच. अशी खोली मिळत नसेल तर मात्र अंगणवेल, तुझंच बरोबर, अकराला परत.

दूरवाट

रातराणीताई, खोलीची सोय असेल तर माझा विरोध मावळला. फक्त नव्या जागी दीड वर्षाचं मूल सहज झोपत नाही. रोजची चादर आणि रोजचं पांघरूण सोबत न्यायला हवं.

कवडसा

मी मुलांच्या वॉर्डात काम करते. अंगणवेलच्या दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देते, कारण उन्हाळ्यात आमच्याकडे येणारे पालक बहुधा एकच वाक्य म्हणतात, 'आम्हाला वाटलं दमलाय.'

आधी कारण. वजनाच्या मानाने लहान मुलाच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो. हवा कातडीपेक्षा गरम झाली की तेवढ्याच वेळात मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं. त्याला घाम कमी येतो. धावताना वजनाच्या मानाने त्याच्या अंगात उष्णताही जास्त तयार होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खेळात रंगलेलं मूल पाणी मागत नाही. हवा दमट असेल तर आलेला घाम वाळत नाही, आणि अंग गार होतं ते घाम वाळल्यामुळेच. त्यामुळे तापमापकावरचा आकडा साधाच दिसला तरी दमट दिवस मुलांना जड जातो.

आता फरक. दमलेलं मूल सावलीत बसलं, पाणी प्यायलं, मांडीवर आलं की पंधरा-वीस मिनिटांत सावरतं. किरकिर करेल, पण आपल्याकडे बघेल, खाऊला हात पुढे करेल. ऊन बाधायला लागलेलं मूल सावलीत येऊनही मलूल राहतं. डोकं दुखतंय म्हणतं, मळमळतं, पायात गोळे येतात, चेहरा फिका पडतो. ओठांच्या आतली बाजू बघा, कोरडी आणि चिकट लागते. रडताना डोळ्यांत पाणी येत नाही. सहा ते आठ तासांत शू झाली नसेल किंवा झाली ती गडद पिवळी असेल, तर पाणी कमी पडतंय हे नक्की. डायपरमधल्या बाळाचं हे हमखास नजरेतून सुटतं, कारण कोरडा डायपर पाहून आपण खूश होतो.

अशा वेळी घरी निघायचं, सहल तिथेच थांबवायची. कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, वारा घाला, ओआरएसचे घोट घोट द्या. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापातच, पूर्ण पाण्यात कालवायचं. अर्ध्या पाण्यात पूर्ण पाकीट कालवणं मुलाला घातक ठरू शकतं, मीठ जास्त होतं. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माप भरताना कुणाशी बोलू नका, हे मी कळकळीने सांगते.

आणि मूल असंबद्ध बोलायला लागलं, हाक मारल्यावर ओळख देईना, झटका आला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. तेव्हा एकाने रुग्णवाहिका बोलवायची आणि दुसऱ्याने त्याच क्षणी मुलाच्या अंगावर पाणी ओतायला लागायचं. थंड करणं आधी, नेणं नंतर, आणि नेतानाही थंड करणं चालूच. शुद्ध पुरती नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. तापाचं औषध इथे उपयोगी पडत नाही, हा ताप वेगळा.

अंगणवेल

कवडसाताई, हे मी छापून फ्रिजवर लावणार आहे. आणि चार महिन्यांच्या बाळाचं? नणंद विचारतेय, त्याला चमच्याने पाणी द्यायचं का?

कवडसा

नाही. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नको, उन्हाळ्यातही नको. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. फक्त बाळाला नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजायचं. म्हणजे खरं तर नणंदेला पाणी द्यायचंय! तिच्या हाताशी सतत भरलेली बाटली असू दे आणि पाजायला आडोशाची जागा आधी बघून ठेवा, म्हणजे 'घरी गेल्यावर पाजते' असं होणार नाही.

या वयात सनस्क्रीनही शक्यतो टाळतात, बाळ सावलीतच ठेवायचं. सहा महिन्यांच्या पुढच्यांना एसपीएफ ३० किंवा अधिक, निघायच्या पंधरा ते तीस मिनिटं आधी, आणि दर दोन तासांनी पुन्हा. पाण्यात खेळून आल्यावर लगेच पुन्हा. कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू आणि पायाची वरची बाजू राहून जाते. पुढे चोच असलेल्या टोपीपेक्षा चहूबाजूंनी झालर असलेली टोपी चांगली, ती मान आणि कान झाकते.

एक गोष्ट जोर देऊन सांगते. बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून चादर किंवा ओढणी टाकू नका. पातळ कापड असलं तरी आतली हवा कोंडते आणि बाळ वाफेत निजल्यासारखं होतं. बाहेरून ते शांत झोपलेलं दिसतं, म्हणून कुणी उघडून बघत नाही. बाबागाडीचं छत वर करा आणि ती सावलीत उभी करा.

मृगजळ

ढगाळ दिवस निवडला तर हे सगळं टळतं ना? आम्ही मुद्दाम ढग बघून निघतो.

कवडसा

उकाडा थोडा टळतो, अतिनील किरण टळत नाहीत. पातळ ढगांतून ते बरेचसे खाली येतात. पाण्याकाठी तर वरून येतात तसे खालूनही येतात. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परतवतो. म्हणून छत्रीखाली बसलेलं मूलही भाजतं. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरण किती तीव्र आहेत ते सांगणारा आकडा असतो, तो ३ किंवा त्याहून वर असेल तर अंग झाकायचं. अ‍ॅप नसेल तर मुलाची सावली बघा. सावली मुलापेक्षा आखूड झाली की ऊन कडक.

गोगलगाय

बागेत जाणार असाल तर माझं ऐका, खेळण्यांना आधी हात लावून बघा. आमच्या जवळच्या बागेत रंगीत प्लॅस्टिकची घसरगुंडी आहे. सगळ्यांना वाटतं पत्र्याचीच तापते. प्लॅस्टिकही तापतं आणि गडद रंगाचं तर फारच. आपल्या तळहाताची कातडी जाड असते, तिला चटका उशिरा कळतो, म्हणून हाताची मागची बाजू टेकवून बघा. टेकवलेला हात ठेवता आला नाही तर मुलाला बसवू नका. तान्ह्या मुलांची मांडीची कातडी फार पातळ असते, आणि चटका बसला तरी दीड वर्षाचं मूल पटकन उठत नाही, ते तिथेच बसून रडतं.

खेळण्यांखालच्या काळ्या रबरी गाद्या आणि खोटं हिरवं गवत यांवरही अनवाणी सोडू नका. खऱ्या गवतात ओलावा असतो, ते गार राहतं. प्लॅस्टिकच्या गवताला ती सोय नाही, दुपारी ते खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं. झोपाळ्याच्या साखळ्या आणि गाडीतल्या बाळाच्या सीटचं बकलही बघा.

पानगळ

गाडीवरून आठवलं. बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत बाहेरच्यापेक्षा साधारण १० अंशांनी आणि अर्ध्या तासात २० अंशांच्या आसपास चढतं. काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. 'झोपलाय तर राहू दे गाडीत, मी तिकीट काढून येते' हे कधीच नको. बरेच प्रकार तर निव्वळ विसरण्यातून घडतात, विशेषतः माणसं जास्त असतात तेव्हा, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने उतरवलं. त्यामुळे मोबाइल किंवा पिशवी बाळाच्या सीटशेजारी ठेवा, म्हणजे उतरताना मागचं दार उघडावंच लागेल. आणि पार्क केलेली गाडी घरीही कुलूपबंद ठेवा, लपाछपी खेळणारी मुलं आत शिरतात.

तरंग

पाण्याजवळ जायचा विचार असेल तर माझं वाचूनच ठरवा. मी लहान मुलांना पोहायला शिकवतो.

बुडणारं मूल ओरडत नाही. हात हलवून बोलवत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या वर येतं ते श्वास घेण्यापुरतं, हाक मारायला श्वास उरत नाही. हे सगळं मिनिटभराच्या आत आटोपतं, काही वेळा वीस सेकंदांत. आजूबाजूला दहा माणसं हसत-बोलत असताना, कुणालाही आवाज न येता. 'आम्ही सगळे तिथेच होतो' हे ऐकून माझ्या पोटात कालवतं, कारण सगळे असतात तेव्हा बघणारं नेमकं कुणीच नसतं.

म्हणून नाव घेऊन नेमणूक करा. पंधरा-वीस मिनिटं एकच माणूस, त्याच्या हातात फोन नाही, गप्पा नाहीत, ताट नाही. पाळी संपली की पुढच्याला तोंडाने सांगायचं 'आता तू', आणि त्याने 'हो, मी' म्हटल्याशिवाय हलायचं नाही. पोहता न येणारं मूल हाताच्या अंतरावर हवं. दीड वर्षाच्या मुलाला तर घोट्याएवढं पाणीही धोक्याचं आहे. डोकं जड असतं, पालथं पडलं की स्वतःहून उठता येत नाही. फुगवायचा टब किंवा बादली असेल तर खेळ संपताच पाणी ओतून टाकायचं.

दंडात घालायचे फुगे हे खेळणं आहे, जीव वाचवायचं साधन नव्हे. ते निसटतात, हवा सोडतात, आणि मुलाला उगाच धीर देतात. वाहत्या किंवा खोल पाण्याजवळ मापाचं लाइफ जॅकेटच हवं, पायांमधून पट्टा असलेलं.

कपड्यांचा रंगही सांगतो. निळा आणि पांढरा पोशाख पाण्याखाली दिसेनासा होतो. भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी घ्या. दुकानात नेमके निळेच जास्त असतात, तरी शोधा.

मृगजळ

तरंगदादा, अंगावर काटा आला. जीवरक्षक असेल तरीही हे सगळं?

तरंग

असेल तरीही. त्याच्या नजरेखाली सगळा तलाव असतो, तुमच्या नजरेखाली एकच मूल.

निवांत

भडक रंगाचं मी बागेसाठीही सुचवेन. गर्दीत मूल लांबून दिसतं. निघताना त्या दिवसाच्या कपड्यांत एक फोटो काढून ठेवावा. चुकामूक झाली तर 'निळा शर्ट होता की हिरवा' यावर आईबाबांचं एकमत होत नाही, फोटोवर होतं. मनगटावर पेनाने फोन नंबर लिहावा, नाव मात्र बाहेरून दिसेल असं लिहू नये. पाच वर्षांच्या मुलीला तुमचं खरं नाव सांगता येतं का ते बघा, 'आई' एवढ्यावर कुणाला शोधता येत नाही. चुकलीस तर जिथे आहेस तिथेच थांब, आम्ही येतो, हे निघण्याआधी खेळात दोन-तीनदा करून घ्यावं.

अंगणवेल

बापरे, किती मुद्दे. नणंदेने आत्ताच वाचून सांगितलं की पाण्याचं ठिकाण पुढच्या वर्षी. चार महिन्यांच्या बाळासकट तिघांकडे बघायला आमची माणसं पुरणार नाहीत, आणि मलाही तेच पटलं.

खाण्याचं काय करता?

रातराणी

नवं काही नको, रोजचंच आणि थोडं थोडं. फार गरमीत शिजवलेलं अन्न तासाभराच्या वर बाहेर राहू देऊ नये. एक-दोन बाटल्या पाणी रात्री गोठवून डब्याशेजारी ठेवावं, डबा गार राहतो आणि वितळल्यावर पाणी प्यायला होतं. गोल, छोटी फळं लांबट चिरून द्यायची, घशात अडकतात. आणि चालताना-धावताना तोंडात घास नको, बसूनच खायचं.

कवडसा

एक राहिलं. सगळे मुलांकडे बघतात आणि सासूबाईंकडे कुणाचंच लक्ष नसतं. वय झालं की तहान कमी लागते, त्यात 'सारखं कुठे जाऊ शू करायला' म्हणून बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत. रक्तदाबाची, विशेषतः लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. स्वच्छतागृह जवळ असलेली जागा निवडा. ते जवळ असलं की त्या पाणी पितील.

रातराणी

कवडसा, माझ्या मनातलं लिहिलंस. आम्ही सांगत नाही ग, पण हे अगदी खरं आहे.

गोगलगाय

पाच वर्षांच्या मोठीबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. बाळं सोबत असली की मोठ्या भावंडाच्या वाट्याला दिवसभर 'थांब', 'हळू', 'त्याला घेऊ दे' एवढंच येतं. तीही लहानच आहे. तासभर तिच्या एकटीसोबत एक मोठं माणूस असू द्या आणि त्या तासात तिला हवं ते. माझ्या भाचीने असाच एक तास मुंग्या बघण्यात घालवला. एक मुंगी मेलेल्या माशीचा पंख उभा धरून नेत होती. वारा आला की पंखासकट आडवी व्हायची, पुन्हा उठायची. भाची पोटावर पालथी पडून हनुवटी मातीला टेकवून बघत होती. तिचे बाबा तिला मोर दाखवायला बोलवत होते, ती हललीच नाही. शेवटी तेही शेजारी पालथे पडले.

दूरवाट

हे फार आवडलं. आमच्याकडे मोठी माणसंच घाई करतात, अजून ते बघायचंय, हे राहिलंय. लहान मुलांना घेऊन एका दिवसात एकच ठिकाण.

पानगळ

अंगणवेल, निघायच्या वेळचं एक सांगते. चुकामूक, पडणं, रस्त्यावर धावणं हे बहुतेक आवराआवरीत होतं, कारण सगळे हात सामानात असतात आणि मुलं पेंगुळलेली असतात. आधी एका माणसाने गाडीची दारं उघडून हवा खेळती करायची आणि सीट गार होऊ द्यायची. मग मुलांना बसवून पट्टे लावायचे, एक मोठं माणूस त्यांच्यापाशी आतच थांबेल. सतरंजी, डबे, बाटल्या सगळ्यात शेवटी.

अंगणवेल

ठरलं. बाग, आठ ते अकरा. पहिला तास मोठीसोबत तिचे बाबा, दुसरा तास मी. सासूबाईंना स्वच्छतागृहाचं सांगितलं तर म्हणाल्या, 'मग मी येते, आधी मनात धाकधूक होती.'

रातराणीताई, भावंडांच्या खेळाचं तुमचं म्हणणंही मनात राहिलंय. नणंदेचं घर बागेपासून जवळ आहे. अकरानंतर सगळे तिकडेच जाऊ, दुपारी मुलं तिथेच झोपतील.

रातराणी

मग धाकट्याची रोजची चादर विसरू नकोस. आणि नणंदेकडे पडदे आदल्या दिवशी संध्याकाळीच लावून ठेवायला सांग, सकाळचं ऊन खोलीत शिरलं की दुपारपर्यंत भिंती तापतात.